टुश आणि सरस: अँथनी वेलोनिस यांच्या पद्धतीने पाच रंगांची सिल्कस्क्रीन आवृत्ती

२ ऑगस्ट. काम काय, आणि हीच पद्धत का

सिल्कस्क्रीन म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर उतरवून छापणं. फोटो इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप) न वापरता, ब्रश आणि खडूने थेट जाळीवर चित्र काढून पाच रंगांची मर्यादित आवृत्ती छापायची. चित्र मालधक्क्यावर उभ्या असलेल्या मालगाडीच्या एका वाघिणीचं (डब्याचं) आहे, मागे सिग्नलचा खांब आणि ढगाळ आभाळ. आभाळाला सपाट रंग हवा, वाघिणीच्या गंजलेल्या पत्र्याला खरबरीत पोत हवा आणि रेघा ब्रशच्या हव्यात. इमल्शनवर हा पोत येतो, पण तो फिल्मवर काढलेल्या चित्राची नक्कल असतो. इथे खडू जाळीवर घासला की तोच ठसा कागदावर उतरतो.

टुश, म्हणजे लिथोग्राफीची (दगडावरून छपाईची) तेलकट काळी शाई, हिने जाळीवर चित्र काढायचं, वरून सरस लावून बाकीची जाळी बंद करायची, मग टुश धुऊन काढायची. ही पद्धत अमेरिकी चित्रकार आणि छपाईकार अँथनी वेलोनिस (१९११–१९९७) यांची. न्यूयॉर्कमध्ये ग्रीक स्थलांतरित कुटुंबात जन्म, आणि सिल्कस्क्रीनची ओळख कलाशाळेत नाही, तर दुकानांच्या पाट्या-जाहिराती छापणाऱ्या धंद्यात. महामंदीच्या काळात ते सरकारी रोजगार योजनेतल्या, म्हणजे डब्ल्यूपीएच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टमधल्या पोस्टर विभागात होते. तिथे पोस्टरं हाताने एकेक रंगवली जायची. त्यांनी तिथे सिल्कस्क्रीन आणली आणि विभागाचं कामच बदललं. देशभरात या योजनेखाली सुमारे ३५,००० डिझाइनांची २० लाख पोस्टरं छापली गेली. त्यातली जेमतेम २,००० आज शिल्लक आहेत. १९३८ मध्ये न्यूयॉर्कला याच तंत्राने पोस्टरऐवजी चित्रं छापण्यासाठी वेगळा गट झाला, त्याचे प्रमुख वेलोनिस होते. एलिझाबेथ ओल्ड्स, हॅरी गॉटलिब, लुई लोझोविक, रूथ चेनी, यूजीन मॉर्ली, हायमन वॉर्सेगर ही मंडळी त्यात होती.

यादी, भावांसह:

लाकडी फ्रेम, आतून ५० × ६० सेंमी, कोपरे खाचा करून चिकटवलेले: ६५० रुपये. जाळी मल्टिफिलामेंट (अनेक तंतूंच्या धाग्याची) पॉलिस्टर, इंचाला साधारण १२५ धागे: ताणून घेण्यासह ९०० रुपये. जुन्या पुस्तकांत ज्याला १२ नंबरचं रेशीम म्हणतात त्याच्या जवळचा हा विणीचा दाटपणा. लग्नपत्रिकावाल्यांकडे मिळणारी बारीक मोनोफिलामेंट (एकाच तंतूच्या धाग्याची) जाळी या कामाला नको, कारण पुढे येईल. लाकडी मुठीची स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी), ३५ सेंमी, मध्यम कडक रबर: ४२० रुपये. द्रव टुश आणि लिथोचे तेलकट खडू: १,८०० रुपये. सुताराचा दाणेदार सरस, अर्धा किलो: २६० रुपये. एनॅमल बेसची स्क्रीन शाई, पाच डबे, आणि एक किलो ट्रान्सपरंट बेस (शाई पारदर्शक करायला): २,३०० रुपये. मिनरल टर्पेंटाइन पाच लिटर. रॉकेल मिळत असेल तर तेही चालतं, पण आता ते सहज हाती लागत नाही.

कागद ३०० ग्रॅमचा सुती, ३८ × २८ सेंमीला कापून ४० ताव. ही संख्या आज ठरवणं भाग आहे. स्क्रीन, म्हणजे जाळी ताणलेली फ्रेम, एकच आहे आणि प्रत्येक रंगानंतर ती धुऊन पुढचा रंग तिच्यावरच काढायचा आहे. पहिल्या रंगाला जेवढे ताव, त्यापेक्षा जास्त प्रती कधीच होणार नाहीत. पुढे आकडा फक्त खाली जातो.

५ ऑगस्ट. जाळी तयार करणे

नव्या जाळीला कारखान्याचं तेल असतं. भांडी घासायच्या साबणाने दोन्ही बाजूंनी धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, उभी वाळवली. एवढं न करता चित्र काढलं तर सरस त्या जागी धरत नाही आणि छपाईत सुईच्या टोकाएवढे ठिपके येतात. ते कुठून आले हे शोधण्यात तास जातात.

चाचणीसाठी एका लहान फ्रेमवर मोनोफिलामेंट ताणून बघितली. खडू त्यावर काचेवर घसरावा तसा घसरला. ६०० नंबरच्या सिलिकॉन कार्बाइड पावडरने ओली घासल्यावर थोडं धरू लागला, पण दाणा पुसटच. मल्टिफिलामेंटचा धागा पिळाचा असतो, त्यामुळे टुश, खडू आणि सरस तिन्ही त्यात रुततात. तोटा हा की शाईही रुतते आणि साफसफाईला दुप्पट टर्पेंटाइन लागतं.

खडूच्या कामासाठी जाळीला खळ द्यावी लागते. एक चपटा चमचा कॉर्नफ्लोअर, एक कप पाणी, उकळून पातळ, गार झाल्यावर स्पंजने एकच हात. खळीमुळे टुश धाग्यांत पसरत नाही, कड स्वच्छ राहते. दाट दिली की पुढे त्रास देते. तो त्रास १९ सप्टेंबरच्या नोंदीत आहे.

९ ऑगस्ट. पहिला रंग, टुश

आभाळ. स्क्रीनखाली मूळ चित्र ठेवलं, जाळीपासून दोन-तीन मिलिमीटर खाली. जाळी कागदाला टेकली तर टुश खालून फाकते. आतल्या बाजूने, म्हणजे ज्या बाजूने स्क्वीजी ओढायची त्या बाजूने, ब्रशने टुश भरली.

टुश लिथोग्राफीची. मेण, चरबी, साबण आणि काजळ यांचं मिश्रण. जिथे टुश लागते, तिथे शेवटी जाळी उघडी राहते आणि तिथेच शाई उतरते. म्हणजे चित्र सरळ काढायचं, उलटं नाही, आणि काळं केलेलं तेच छापलं जाणार. ब्रशवाल्याला ही पद्धत आवडते ती याच कारणाने.

वाळल्यावर स्क्रीन उजेडापुढे धरली. जिथून सुईएवढाही उजेड येतो, तिथे सरस शिरणार आणि आभाळात पांढरे ठिपके पडणार. दुसरा हात द्यावा लागला. टुश डबा न ढवळता वापरली की तळाशी काजळ राहतं आणि वर फक्त पाणचट तपकिरी द्रव येतो. तो काळा दिसत नाही आणि जाळीही भरत नाही.

१३ ऑगस्ट. सरस वाळत नाही

१९३० च्या दशकातल्या कृतींमध्ये बाटलीबंद माशाचा सरस असतो: सरस आणि पाणी निम्मे-निम्मे, त्यात थोडं व्हिनेगर आणि ग्लिसरीनचे काही थेंब. व्हिनेगरने तो गोठत नाही, ग्लिसरीनने तडकत नाही. इथे माशाचा सरस मिळाला नाही, म्हणून सुताराच्या सरसावर प्रयोग.

१०० ग्रॅम दाणे २०० मिली पाण्यात रात्रभर भिजवले, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवले. उकळू द्यायचा नाही. ६० अंशांच्या फार वर गेला की सरसाची ताकद जाते आणि वासही असह्य होतो. गार झाल्यावर त्याची जेली झाली आणि पुठ्ठ्याने ओढताना जाळीवर पट्टे पडले. २० ग्रॅम युरिया घातल्यावर तो गार असतानाही द्रव राहिला. मग ३० मिली पांढरं व्हिनेगर, ग्लिसरीनचे आठ-दहा थेंब, आणि दाट ताकासारखा होईपर्यंत पाणी.

स्क्रीन चार कोपऱ्यांवर उचलून, एका टोकाला सरस ओतून, कडक पुठ्ठ्याने एकाच ओढीत पातळ थर दिला. परत परत ओढलं तर खालची टुश उचलली जाते. दिवसभर पंख्याखाली ठेवूनही बोट चिकटत होतं. बाहेर पाऊस, हवेत दमटपणा, आणि ग्लिसरीन तर हवेतलं पाणी ओढूनच घेतं. पावसाळ्यात ग्लिसरीन मुळीच नको. तो थर कोमट पाण्याने धुतला. टुश तेलकट असल्याने जागेवर राहिली, कडांना तेवढी डागडुजी लागली.

दुसऱ्यांदा ग्लिसरीनशिवाय सरस. वाळवायला पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात ६० वॅटचा दिवा, वर-खाली भोकं. चार तासांत कोरडा. मग पहिल्याला काटकोनात दुसरा थर, पुन्हा तेवढाच वेळ.

इथे एक सोपा वाटणारा मार्ग आहे, तो घेऊ नये. सुतारकामाचा पांढरा अॅडहेसिव्ह पाण्यात पातळ करून सरसाऐवजी लावता येतो, वाळतोही झटपट. पण एकदा पक्का झाला की पाण्याने निघत नाही. चाचणीची लहान जाळी तशीच फेकावी लागली. बाभळीचा डिंक पाण्याने निघतो, पण वाळल्यावर इतका ठिसूळ की दहाव्या-बाराव्या ओढीला पापुद्रे सुटतात.

१७ ऑगस्ट. टुश काढणे आणि पहिली छपाई

खाली वर्तमानपत्रांची जाड गादी, तिच्यावर स्क्रीन उलटी. टर्पेंटाइन आधी खालच्या बाजूने. सरस आतल्या बाजूला आहे, खालच्या बाजूला टुश उघडी आहे, त्यामुळे द्रव तिथून आधी शिरतो. पाच मिनिटं मुरू दिलं, मग दोन्हीकडून चिंधीने हलकं चोळलं. टुश विरघळली की तिच्यावरचा सरसाचा पापुद्रा आधार सुटून निघून येतो. जिथे सरसाचा थर जाड पडला होता तिथे टुश आतच कोंडली. तिथे जोर लावला की कड फाटते. जोर न लावता पुन्हा टर्पेंटाइन आणि पुन्हा पाच मिनिटं, हाच उपाय.

उजेडात बघून बारीक छिद्रं सरसानेच बुजवली.

खिडक्या उघड्या, खोलीत गॅस-उदबत्ती काही नाही. टर्पेंटाइनच्या आणि एनॅमल शाईच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. वाळताना तापून त्या आपोआप पेटू शकतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या.

शाई: एक भाग राखाडी-पिवळसर, तीन भाग ट्रान्सपरंट बेस, मध पातळ केल्यासारखी होईपर्यंत टर्पेंटाइन. स्क्रीन पाटाला बिजागरीने जोडलेली, कागद आणि जाळीत तीन मिलिमीटर अंतर. कागद दर वेळी एकाच जागी टेकवायला तीन ठेपे: लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. ठेपे कागदाच्याच जाडीच्या पुठ्ठ्याचे. जाड असले तर स्क्वीजी तिथे उचलते आणि कडेला रंगाची पट्टी सुटते.

स्क्वीजी साधारण ६० अंशांवर कलती ठेवून एक सलग ओढ. मध्ये थांबलं की तिथे आडवी रेघ उमटते. तीन ताव बाद: पहिला शाई दाट म्हणून, दोन पंख्याच्या वाऱ्याने शाई जाळीतच सुकली म्हणून. छापताना पंखा बंद, वाळवताना चालू. ३७ शिल्लक.

२२ ऑगस्ट. स्क्रीन धुणे

आधी शाई टर्पेंटाइनने पूर्ण काढायची, मगच कोमट पाणी. क्रम उलटा झाला तर सरस वितळून शाईत मिसळतो आणि जाळीत असा चिकट गाळ बसतो की तो टर्पेंटाइनलाही दाद देत नाही आणि पाण्यालाही.

खरं रेशीम वापरणाऱ्यांसाठी: डाग काढायला ब्लीच कधीही नको, रेशीम विरघळतं. १९४१ च्या मध्यानंतर अमेरिकेत जपानी रेशीम येणं थांबलं आणि स्क्रीनवाल्यांना दुसऱ्या कापडांकडे वळावंच लागलं. आजचं पॉलिस्टर ब्लीच सहन करतं.

३० ऑगस्ट. दुसरा रंग, गेरू

वाघिणीचा पत्रा. सपाट भाग टुशने, गंजाचा भाग लिथो खडूने. जाळीखाली सँडपेपर ठेवून वरून खडू घासला की दाणा येतो, तारेची जाळी ठेवली की वेगळा. वेगवेगळ्या वस्तू खाली सरकवत एकाच पत्र्यावर चार-पाच पोत काढता आले. फोटो इमल्शनच्या माणसाला हे करायला चार फिल्म्स लागतील.

खडू जोरात दाबायचा. वरवर फिरवलेला खडू उजेडात काळा दिसतो, पण धाग्यांच्या माथ्यावरच असतो, भोकं भरत नाही. सरस त्याच्या खालून वाहून जातो आणि छापताना तिथे काहीच उमटत नाही.

वेलोनिस यांच्या गटाला हेच दाखवायचं होतं. जाहिरातवाल्यांची सिल्कस्क्रीन म्हणजे कापलेली स्टेन्सिल, सपाट रंग आणि धारदार कडा. ब्रशचा फटका, खडूचा दाणा, एकावर एक पारदर्शक थर हे त्याच साधनातून निघतं हे दाखवल्याशिवाय संग्रहालयं तिच्याकडे चित्र म्हणून बघणार नव्हती. गाय मॅकॉय यांच्यासारखे एकटे चित्रकार त्याआधीपासून प्रयत्न करत होते. वेलोनिस यांनी कृती लिहून काढली. प्रकल्पासाठी त्यांनी तंत्राची छोटी पुस्तिका तयार केली आणि ती देशभरच्या सरकारी कलाकेंद्रांत गेली. नाव वेगळं हवं म्हणून त्यांनी आणि छापील चित्रांचे जाणकार कार्ल झिग्रोसर यांनी ‘सेरिग्राफ’ हा शब्द रूढ केला. यातलं सगळ्यात मोठं काम आमच्या मते पुस्तिकेचं. शब्द नसता तरी छपाई चालली असती, लिहिलेली कृती नसती तर दुसऱ्या गावच्या माणसाला सरस कुठल्या बाजूने लावायचा हेही कळलं नसतं.

६ सप्टेंबर. गेरूची छपाई

मेळ बसवायला, म्हणजे नवा रंग आधीच्या रंगावर नेमक्या जागी पडावा म्हणून, पाटाच्या एका कडेला पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा चिकटपट्टीने बिजागरीसारखा लावला. त्यावर आधी गेरूचा एक ठसा घेतला, मग आभाळ छापलेला ताव खाली सरकवून ठसा चित्रावर नेमका बसेपर्यंत हलवला, आणि त्या जागी ठेपे चिकटवले. पत्रा बाजूला काढला आणि छपाई सुरू. पेन्सिलच्या फुल्या मोजण्यापेक्षा ही रीत भरवशाची.

गेरूत बेस कमी, एकास एक. झाकणारा रंग हवा होता. दोन बाद, ३५ शिल्लक. तावांची थप्पी दुसऱ्या दिवसापर्यंत लावायची नाही. एनॅमल शाई वरून कोरडी वाटते, पण थप्पीच्या वजनाने वरच्या तावाच्या पाठीवर उतरते.

१९ सप्टेंबर. तिसरा रंग अडकला

निळसर राखाडी सावली, अगदी पारदर्शक: एक भाग रंग, आठ भाग बेस. आभाळावर पडली की एक छटा, गेरूवर पडली की दुसरी, म्हणून पाच रंगांत सात दिसतात.

टुश काढून झाली, जाळी उजेडात उघडी दिसली, तरी ठशात खडूचे भाग अर्धवट. कारण खळ. जाळीला या वेळी खळ दाट बसली होती आणि टर्पेंटाइन खळीला हात लावत नाही. टुश गेली, पण तिच्या खालची खळ भोकांत तशीच. ती पारदर्शक असल्याने उजेडात दिसतही नाही. पाण्याने धुवावी तर सरस जातो. उपाय: कोरड्या, मऊ केसांच्या ब्रशने उघड्या भागावर खालून हलके टकटक करत खळीची भुकटी पाडणे. ऐंशी टक्के सुटली. खळ पुढच्या वेळी अर्ध्या चमच्याची.

२४ सप्टेंबर. मेळ सुटला

सावलीच्या छपाईत पाच ताव वाया गेले. अशा वेळी ठेपे हलवायच्या आधी सुटलेल्या तावांची थप्पी नीट बघायची. सगळ्या तावांवर चूक एकाच दिशेला आणि सारखीच असेल तर ठेपा सरकलाय किंवा बिजागरी ढिली आहे. ठेप्याजवळ मेळ बरोबर आणि लांब टोकाला फरक वाढत जात असेल तर कागदच वाढलाय. तावागणिक दिशा बदलत असेल तर ताव ठेप्याला नीट टेकत नाही.

इथे दुसरी आणि तिसरी दोन्ही कारणं निघाली. सुती कागद पावसाळी हवेत रुंदीला पाऊण मिलिमीटरपर्यंत फुगला होता, कारण थप्पी छपाईच्या खोलीत न ठेवता भिंतीलगतच्या कपाटात होती. आणि हातकागदाची झालरी कड ठेप्याला कधी टेकते, कधी वाकते. कागद एक दिवस छपाईच्या खोलीत दोरीवर टांगला, मग आकार बराचसा पूर्ववत आला. झालरीच्या दोन लगतच्या कडा पट्टीवर कटरने सरळ कापल्या. हे पहिल्या रंगाच्या आधी करायचं काम आहे. नंतर कापताना आधीच्या ठशापासून अंतर प्रत्येक तावावर मोजावं लागतं. ३० शिल्लक.

८ ऑक्टोबर. चौथा रंग, आणि आता सरस तडकतो

काळपट तपकिरी रेघा, सगळ्या ब्रशच्या. ऑगस्टची कृती तशीच वापरली, ग्लिसरीनशिवाय. पाऊस गेलेला, हवा कोरडी, आणि बाराव्या तावानंतर सरसाला केसाएवढ्या भेगा. छापील चित्रात आभाळावर कोळ्याचं जाळं उमटलं. तो एकच ताव बाद झाला, कारण लगेच थांबून स्क्रीन खालून तपासली. भेगांवर पातळ सरसाचा हात, त्यात ग्लिसरीनचे पाच-सहा थेंब. पुढे तडा नाही.

म्हणजे ग्लिसरीन ऋतूप्रमाणे. पावसाळ्यात शून्य, हिवाळ्यात १०० मिलीला सहा-सात थेंब, आणि लावण्याआधी एका चिंधीवर थर देऊन दुमडून बघायचं. दुमडल्यावर मोडला तर थेंब वाढवा, चिकटला तर कमी करा.

२९ शिल्लक.

१८ ऑक्टोबर. पाचवा रंग

सिग्नलचा पिवळा आणि वाघिणीवरच्या खुणा. छोटे भाग, म्हणून टुश न वापरता जाळी सरसाने पूर्ण बंद करायची आणि लागतील तेवढी ठिकाणं उघडी सोडायची असा बेत आधी होता. पण सरसाने भोवती रेखाटताना कड गोल होते. शेवटी टुशच. अपारदर्शक शाई, बेस नाही. गडद रंगावर पिवळा एका ओढीत बसत नाही, खालचा तपकिरी हिरवट डोकावतो. आधी पांढरा आणि त्यावर पिवळा असे दोन ठसे एकाच स्क्रीनने, स्क्रीन जागची न हलवता, मध्ये शाई पुसून, ताव एक रात्र वाळवून. दोन बाद झाले, दोन्ही पांढऱ्याच्या वेळी. २७ उरले.

२५ ऑक्टोबर. क्रमांक आणि सही

२७ मधून २४ ची आवृत्ती, तीन चित्रकाराच्या प्रती. खाली डावीकडे पेन्सिलने १/२४ ते २४/२४, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. पेन कधीच नाही, शाई उडते किंवा फुटते. क्रमांक छपाईच्या क्रमाने नसतात आणि असूही शकत नाहीत, पाच रंगांत ताव प्रत्येक वेळी वेगळ्या क्रमाने थप्पीत येतात. चित्रकाराच्या प्रती म्हणून उरलेसुरले नाही, आवृत्तीइतकेच चांगले ताव निवडले. बाद ताव कोपऱ्यात आडवी रेघ मारून शाई-चाचणीसाठी ठेवले.

धातूच्या पाटीवर आवृत्ती संपल्यावर ओरखडा काढून ती रद्द करतात. इथे रद्द करायला काही उरतच नाही. पहिले चार रंग जाळीवरून कधीच वाहून गेलेत. म्हणून या पद्धतीत मर्यादा कागदावर लिहायच्या आधीच पडलेली असते. न्यूयॉर्कच्या गटाला मात्र मर्यादेचं आकर्षण नव्हतं. तिथल्या चित्रकारांना आठवड्याला २३-२४ डॉलरच्या आसपास पगार मिळे आणि छापलेली चित्रं शाळा, ग्रंथालयं, इस्पितळं अशा सार्वजनिक जागांना दिली जात. स्वस्त लाकडी चौकट, प्रेस नको, वीज नको, हे सिल्कस्क्रीनचं बलस्थान होतं. प्रकल्प १९४३ मध्ये बंद झाला. वेलोनिस त्याआधीच स्वतःच्या छपाई-व्यवसायात उतरले होते, आणि पुढे काचेच्या वस्तूंवर स्क्रीनने छापण्याच्या धंद्यात त्यांनी नाव केलं. पाटीच्या दुकानात शिकलेला माणूस चित्रांच्या वाटेने पुन्हा धंद्याकडे गेला, आणि आम्हाला यात उतरण काही दिसत नाही. त्यांचं १९३९ चं ‘वॉशिंग्टन स्क्वेअर’ बघताना रंगांचे थर कुठे एकमेकांवर चढलेत हे शोधत गेलं की त्यांना धंद्याची शिस्त किती उपयोगी पडली ते कळतं.

२ नोव्हेंबर. हिशोब आणि पुढच्यासाठी

टर्पेंटाइन, चिंध्या, कागद धरून एकूण खर्च १०,४०० रुपये, २४ प्रतींना साधारण ४३० रुपये प्रत. त्यात फ्रेम, स्क्वीजी आणि उरलेली निम्मी टुश पुढच्या कामाला आहेत. वेळ सर्वात जास्त गेला तो सरस वाळण्यात, छपाईत नाही. ४० ताव छापणं एका सकाळचं काम आहे, पण एका रंगाची स्क्रीन तयार होऊन धुवायला पाच-सहा दिवस धरावे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त.

पुढच्या आवृत्तीला दोन फ्रेम्स घ्याव्यात. एकीवर छपाई चालू असताना दुसरीवर टुश वाळेल. उरलेला युरियाचा सरस घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवला आहे. वर बुरशीची पांढरी साय दिसली किंवा वास आंबट सोडून सडका आला की तो टाकून नवा करायचा, अशा सरसाचा थर जाळीवर धरत नाही.